कालचा डेस्कटॉप आज कुठे गेला? : संगणकविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सात संगणक एका सर्व्हरला जोडलेले आहेत. कर्मचारी कोणत्याही काउंटरवर बसला तरी त्याला स्वतःचाच डेस्कटॉप मिळावा, अशी व्यवस्था करून घेतली होती. मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून काही जणांना आदल्या दिवशी ठेवलेल्या फाइली दिसत नाहीत आणि मराठी कळफलक पुन्हा जोडावा लागतो. दोन संगणकांवर तर तात्पुरते प्रोफाइल उघडल्याची सूचना येते. तंत्रज्ञांनी सी ड्राइव्हमधील त्या कर्मचाऱ्यांची फोल्डरे काढून टाकली, तरी गुण आला नाही. काय करावे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. प्रोफाइल म्हणजे कर्मचाऱ्याचा डेस्कटॉप, फाइली आणि त्याची मांडणी यांचा संच. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये डेस्कटॉपवर जे काही ठेवले असेल, ते साइन आउट करताच पुसले जाते. म्हणून ती सूचना दिसल्यास दिवसभराचे काम डी ड्राइव्हवर किंवा सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे आणि मगच बाहेर पडावे. कर्मचाऱ्यांना हे आजच सांगा.

आपल्या पत्रात दोन निरनिराळी दुखणी एकत्र आली आहेत. पहिले, कालचे बदल न दिसणे. आपल्याकडील प्रोफाइल ‘रोमिंग’ प्रकारचे आहे. कर्मचारी साइन इन करतो तेव्हा त्याचे प्रोफाइल सर्व्हरवरून संगणकावर उतरते आणि दिवसभरातील बदल साधारणपणे तो साइन आउट करतो तेव्हाच सर्व्हरवर परत जातात. मधल्या वेळात ते फक्त त्या एका संगणकावर असतात. कालच्याच काउंटरवर बसल्यावर सारे जागेवर आणि शेजारच्या काउंटरवर मात्र जुनेच दिसत असेल, तर साइन आउट करताना होणारी ही नक्कल अर्धवट राहते आहे, असे खुशाल समजावे. संध्याकाळी शटर ओढण्याच्या घाईत साइन आउट न करताच मेन स्विच बंद होतो का, हे स्वतः उभे राहून पाहा.

पावसाळ्याशी असलेला संबंध बहुधा विजेचा आहे. सर्व्हरला यूपीएस असतो, संगणकांनाही असतो; पण या सर्वांना जोडणारा नेटवर्कचा लहानसा स्विच पुष्कळदा भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालतो. लाइट जाते, यूपीएस वाजू लागतो, कर्मचारी समजूतदारपणे लगेच साइन आउट करतो. परंतु स्विच त्याआधीच बंद पडलेला असल्याने प्रोफाइल सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. कर्मचाऱ्याने सारे नियमाने करूनही त्याचे काम सर्व्हरवर जात नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण दोष त्याच्याच माथी मारला जातो. तो स्विच यूपीएसवर घ्या. तो खिडकीजवळ असेल तर केबलची टोके काढून पाहा. खाऱ्या दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढला असल्यास टोक कापून नवे बसवून घ्यावे.

प्रोफाइलचा आकारही पाहावा. सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि फोटो डेस्कटॉपवर साठले की नक्कल लांबते आणि तेवढी वाट कोणी पाहत नाही. डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही फोल्डरे ‘फोल्डर रिडायरेक्शन’ने थेट सर्व्हरवर नेली, तर फाइली ठेवताक्षणीच तिथे जातात आणि साइन आउटच्या वेळी नेण्यासारखे थोडेच उरते. माझ्या मते आपल्यासारख्या कार्यालयाने हा बदल अवश्य करावा.

दुसरे दुखणे तात्पुरत्या प्रोफाइलचे. अचानक वीज गेल्याने प्रोफाइलमधील ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही कर्मचाऱ्याची मांडणी साठवणारी फाइल बिघडली की विंडोज असे प्रोफाइल उघडते. तंत्रज्ञांच्या उपायाने यात भर पडली असावी. सी ड्राइव्हमधील फोल्डर नुसते हाताने काढले तरी रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील, ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये त्याची नोंद राहते, विंडोज त्या नोंदीप्रमाणे फोल्डर शोधते आणि ते न सापडल्याने पुन्हा तात्पुरतेच प्रोफाइल देते. सर्व्हरवरील प्रत शाबूत असल्याची खात्री करून, त्या कर्मचाऱ्याने साइन आउट केलेले असताना, प्रशासकाच्या खात्यातून ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘यूजर प्रोफाइल्स’च्या यादीतून ते प्रोफाइल काढावे, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. नोंदीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ दिसल्यास रजिस्ट्रीची प्रत घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

खात्रीसाठी विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ या भागात पाहा. १५०४ हा क्रमांक म्हणजे प्रोफाइल सर्व्हरवर पूर्ण गेले नाही, १५११ म्हणजे स्थानिक प्रोफाइल न सापडल्याने तात्पुरते दिले. नोंदीची वेळ लाइट गेल्याच्या वेळेशी ताडून पाहिली की वरचा तर्क आपल्या कार्यालयाला लागू पडतो की नाही, हे तिथेच कळेल. त्या दोन संगणकांचे घड्याळही तपासा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला असेल, तर रात्रभर वीज नसल्यावर सकाळी तारीख भलतीच दाखवली जाते. सर्व्हरच्या आणि संगणकाच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला की ओळख पटवण्याची केर्बेरोस ही पद्धत मूळ मांडणीत त्या संगणकाला नकार देते, मग सर्व्हरवरील प्रोफाइल त्याला मिळत नाही. सेल ‘सीआर २०३२’ जातीचा असतो आणि स्वस्तात मिळतो.

प्रश्न : आमच्या कार्यालयात काही संगणक विंडोज ७ वर आणि काही विंडोज १० वर चालतात. एकाच कर्मचाऱ्याचे एकीकडचे बदल दुसरीकडे येत नाहीत. सर्व्हरवर त्याच्या नावाची दोन फोल्डरे आहेत. एक काढून टाकू का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : कृपया काढू नका. हा बिघाड नाही. विंडोज ७ चे प्रोफाइल ‘व्ही २’ शेपटीच्या आणि विंडोज १० च्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांचे ‘व्ही ६’ शेपटीच्या फोल्डरात राहते, कारण दोघांची रचना एकमेकांशी जुळत नाही. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुधारणा) १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा सर्व संगणक एकाच नव्या आवृत्तीवर नेईपर्यंत ही दोन्ही फोल्डरे सांभाळावी लागतील.