आईला केअर सेंटरमध्ये ठेवलंय, पण काही विचारायची भीती वाटते

"मॅडम, तिथल्या लोकांना काही बोललं तर ते आईवर राग काढतील का हो?" आईवडिलांना वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये ठेवलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा फिरून फिरून ह्याच प्रश्नावर येतात.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली एक ताई आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). आई सत्तरीच्या पुढची, जन्मभर विड्या वळलेली, शुगर आधीपासून होतीच, त्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. ताईची नोकरी, भाऊ पुण्याला, घरात दिवसभर कोणी नाही, मग गावाबाहेरचं एक सेंटर बघून तिथं ठेवलं. दर रविवारी दुपारी ही जायची, केळी-बिस्किटं न्यायची, मावशींच्या हातावर शंभर-दोनशे ठेवायची, अर्धा तास बसायची आणि रडत परत यायची. आई सारखी झोपलेलीच असते, ओठ सुकलेले असतात, एकदा तर चादर ओली होती, हे सगळं तिला दिसत होतं, पण विचारलं काहीच नव्हतं. का, तर "तिथं ठेवलं मीच, आता कुठल्या तोंडानं बोलू?"

मला ह्याबद्दल फार वाटतं म्हणून स्पष्ट लिहिते. ह्या अपराधीपणापायी लोक फळं नेतात पण पांघरूण उचलून बघत नाहीत. वर कोणीतरी नातेवाईक म्हणतोच, आईला टाकलं. ताईला मी आधी तेच समजावलं की ज्येष्ठांसाठीचा 2007 चा कायदा आहे, त्यात शिक्षा आहे (तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) ती म्हाताऱ्या माणसाला कायमचं वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला, तुम्ही तर पैसे भरताय, दर आठवड्याला जाताय, हे टाकणं नाही, आणि तुम्ही तिची मुलगी आहात म्हणजे विचारायचा हक्क तुमचाच आहे.

मग तिला म्हणलं, रविवार सोडा, एखाद्या वारी जेवणाच्या वेळेला न सांगता जा. आईला कुशीवर करा, माकडहाड, खुबे, टाचा बघा, कुठं लाल दिसलं तर बोटानं दाबा. दाबल्यावर फिकं पडून परत लाल झालं तर ठीक, पण दाबूनही लालच राहिलं तर आतून कातडीला इजा सुरू झालीय, तिथंच लक्ष दिलं तर बेडसोरची (एकाच जागी पडून राहून होणारी) जखम टाळता येते. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांना साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा, म्हणून रात्री ड्यूटीला किती जण असतात ते विचाराच, आणि औषधांची फाईल मागा.

ती गेली. उजवी टाच लाल, दाबली तरी लालच. आणि पाण्याचा ग्लास ठेवलेला आईच्या उजव्या हाताला, ज्या हातात जीवच नाही! झटक्यानंतर आई फक्त घरची तेलुगूच बोलायची, मावशी मोहोळकडच्या, त्यांना ती पाणी मागतेय हे कळायचंच नाही, आणि सोलापूरचा मे महिना काय असतो ते आपल्याला सांगायला नको. फाईलमध्ये झोपेची गोळी निघाली, हॉस्पिटलमधून सुटताना लिहिलेली, पुढं कोणी डॉक्टरांना विचारलंच नाही, चालू ती चालूच.

बोलायचं कसं ह्याची आम्ही सेशनमध्ये तालीम केली. "तुम्ही लक्ष देत नाही" असं म्हणलं की समोरचा माणूस स्वतःला वाचवायलाच बघतो. त्याऐवजी ती म्हणाली, "सिस्टर, आईची टाच लाल झालीय, जरा येता का, दोघी मिळून बघू." सिस्टरनी बघितलं, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली, ग्लास डावीकडं आला, पाणी, दुखतंय, लघवी असे तीन-चार तेलुगू शब्द देवनागरीत लिहून पलंगाजवळ चिकटवले, कूस कधी बदलली, पाणी कधी दिलं ह्याचा कागद सुरू झाला. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली, आई दिवसा जागी राहायला लागली.

सगळीकडं असं होत नाही हेही मला माहितीय. आईला एकटीला भेटू देत नाहीत, फाईल दाखवत नाहीत, मनगटावर बांधल्याचे वळ दिसतात, किंवा तुम्ही काही बोलल्यापासून आई गप्प झालीय, घाबरतेय, तर तिथं गोड बोलत बसू नका. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आईला तिथून हलवायची तयारी करा आणि 14567 ह्या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाईनला फोन लावा, जीवाला धोका वाटला तर सरळ 112.

ताई अजून येते. टाच बरी झाली, भाऊ बुधवारी आईच्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल करून तो कागद वाचून घेतो. खर्चाच्या वाटणीवरनं मात्र दोघांचं अडलंय, पुढच्या वेळी भावालाही घेऊन ये म्हणलंय तिला.