‘सुरुवात होते, पण टिकत नाही’: आहार बदलताना अडते कुठे?

‘काय खावे आणि काय टाळावे हे सगळे कळते, पण चार दिवसांच्या वर टिकत नाही,’ ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या तोंडून मी सातत्याने ऐकत आले आहे. बोलणारे कधी प्राध्यापक असतात, कधी दुकानदार, कधी नुकतीच बाळंतपणातून उठलेली तरुणी. मात्र तक्रारीपाठोपाठ ‘माझ्यातच जिद्द नाही’ हा निष्कर्ष ठरलेला असतो. तो मला पटत नाही आणि तो न पटण्याची कारणे माझ्या कामातूनच मला मिळाली आहेत. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते आहे.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला. पुढे धंद्यात पडल्यावर व्यायाम सुटला आणि खुराक तेवढा राहिला. आपल्या पेठांमधल्या कितीतरी घरांत हे घडलेले आहे. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत त्यांचा आकडा 6.2 टक्के आला होता. 5.7 ते 6.4 हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. डॉक्टरांनी औषध लगेच न देता आधी आहार आणि चालणे सुधारायला सांगितले होते. आहारतज्ज्ञांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता आणि त्यातील प्रत्येक ओळ योग्य होती.

त्यांची सुरुवात नेहमी सोमवारी होई. पहाटे रंकाळ्याला फेरी, भात बंद, गोड बंद, मटण बंद, चहा बिनसाखरेचा. गुरुवार-शुक्रवारकडे एखादे गिऱ्हाईक बाहेरगावाहून येई, त्याला मिसळ खायला न्यावे लागे, आणि तेथे सगळा बेत कोसळे.

‘मिसळ खाल्ल्याने नक्की काय झाले?’ मी विचारले.

‘मोडलं की ओ मॅडम. एकदा मोडल्यावर राहिलं काय? त्या रात्री दाबून जेवलो, सकाळी फिरायला उठलोच नाही. म्हटलं, आता अमावस्या झाल्यावर नव्यानं धरू.’

एका मिसळीने शरीराचे जे काही होते, ते तुलनेने थोडे असते. खरे नुकसान त्यानंतरच्या दहा-पंधरा मोकाट दिवसांत होते. हे मी त्यांना समजावून सांगितले, त्यांनी मानही डोलावली, पण पुढच्या आठवड्यात तेच घडले. समजणे आणि वळण बदलणे यांत अंतर असते आणि नुसत्या माहितीने ते भरून निघत नाही.

वाट सापडली ती त्यांच्याच दिनक्रमात. एका भेटीत मी त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंतचा साधा दिवस सांगायला लावला. ते म्हणाले की वर्कशॉपचे शटर उघडण्याआधी ते रोज अंबाबाईच्या दर्शनाला जातात. वडिलांच्या काळापासूनचा हा शिरस्ता आहे.

‘एखाद्या दिवशी जाणे झाले नाही तर?’

‘दुसऱ्या दिवशी जातो.’

‘आणि सुतक असेल तर?’

‘तेरा दिवस नाही जात. चौदाव्या दिवशी परत सुरू.’

‘मग त्या चुकलेल्या दिवसांचा हिशोब कोण ठेवते?’

‘हिशोब कोण ठेवतंय? आई काय वही घेऊन बसलीया व्हय?’ असे म्हणून ते हसले, आणि हसता हसता थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने घाईने अर्थ सांगू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे. बऱ्याच वेळाने ते खाली मान घालून म्हणाले, ‘मी जेवणाचं व्रत करून ठेवलंय. एकदा मोडलं की फळ नाही, मग कशाला पाळा, असं.’

त्यांच्या पत्नी शेजारी बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘आणि त्या व्रताचा वेगळा स्वयंपाक मी करत होते.’

या दोन वाक्यांत मला सगळी अडचण दिसली. या माणसात नेटाची कमतरता नव्हती. वीस-पंचवीस वर्षे दर्शन न सोडणाऱ्याला जिद्द नाही असे कोण म्हणेल? आहाराला मात्र त्यांनी संकल्प, निषेध आणि भंग अशा साच्यात बसवले होते. त्या साच्यात एक घास चुकला तरी सगळे फोल ठरते. नित्यनेमात चुकलेला दिवस हा केवळ चुकलेला दिवस असतो.

ही केवळ माझी समजूत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एक नवी छोटी कृती निवडायला लावून तिची सवय कशी होते ते पाहिले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असे दिसले, आणि माणसामाणसांत हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही, हा त्यातला निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. एकवीस दिवसांचे संकल्प विकणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

मनोनिग्रहावर मी फार विसंबून राहत नाही; वेळ, जागा आणि हाताशी असलेली वस्तू यांच्यावर माझा अधिक विश्वास आहे. म्हणून आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि त्यांच्या दिवसातल्या ठरलेल्या गोष्टींना एकेक बदल जोडला. दर्शनाला ते मोटारसायकलने जात. ती लांब लावून उरलेली वाट पायी जायचे ठरले. सकाळी नुसत्या चहा-खारीवर बाहेर पडल्यामुळे चारच्या सुमारास कडकडून भूक लागे आणि वडापाव येई. तेव्हा घरातून निघण्याआधी ज्वारीची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांचा डबा. ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. रात्रीचे जेवण साडेदहावरून साडेआठवर आणणे सर्वांत कठीण गेले, कारण त्यासाठी शटरची वेळ बदलावी लागली.

मिसळ बंद केली नाही. गिऱ्हाईक आले की जायचे, मटकी पोटभर खायची, पाव एक आणि तर्री बेताची. रविवारचा तांबडा-पांढरा रस्साही राहिला. वाटी ठरली आणि भाताऐवजी भाकरी आली. गुळाबाबत मात्र मला ठाम राहावे लागले. आपल्या गुळाचा आपल्याला अभिमान आहे, तो असावाही. पण गुळाचा चहा प्यायल्याने साखर टळते हा समज चुकीचा आहे, कारण गुळातही मुख्यतः साखरच असते आणि तो रक्तातील साखर वाढवतोच. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा मीठ सुचवते. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणही धरायचे असते, हे बहुतेक घरांत लक्षात घेतले जात नाही.

एवढ्याशा बदलांनी काय होणार, असे पुष्कळ जण विचारतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना बेताचा आहारबदल आणि नियमित चालणे सांगितले होते. सुमारे अडीच वर्षांत त्यांच्यातील मधुमेहाचा धोका 28 टक्क्यांनी कमी झाला. आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे म्हटले तर रोजची वीस-बावीस मिनिटे होतात. या गृहस्थांची ती दर्शनाच्या वाटेवर आणि रात्रीच्या शतपावलीत भरली. सहा महिन्यांनी त्यांचा आकडा 5.8 होता. तो ऐकून मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पण त्या काळात मिसळ अनेकदा खाल्ली गेली आणि एकदाही बेत कोसळला नाही, याचे मला अधिक समाधान आहे.

ज्यांची मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांनी जेवणाच्या वेळा किंवा प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, आणि आहार सुधारला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये.

घरातल्या माणसांसाठीही थोडे सांगते. वेगळा स्वयंपाक करू नका. ती भाकरी, उसळ आणि पालेभाजी मुलांच्या आणि तुमच्याही ताटात असू द्या, कारण एकट्याचे पथ्य एकट्यालाच जड होते आणि रांधणारीलाही. आणि एखाद्या लग्नात त्यांनी जिलेबी घेतली तर ‘झालं वाटतं पथ्य!’ असे चारचौघांत म्हणू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची न्याहारी नेहमीच्या वेळी त्यांच्यासमोर ठेवा आणि जिलेबीचा विषय काढू नका.