वर्तुळ, रेघ आणि बळीराजा

रेडिंग
बलिप्रतिपदा, शके १९४७

चि. सई हिला अनेक आशीर्वाद.

फराळाचा डबा पोचल्याचं कळलं, पण तुझ्या त्या लांब मेसेजला अंगठा दाखवून मोकळं होणं मला जमेना, म्हणून पत्रच लिहिते आहे. तू लिहिलंस की ट्युटोरियलला सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढून खाली ‘पश्चिम’ लिहिलं, शेजारी वर्तुळ काढून ‘पूर्व’ लिहिलं, आणि वर्गातली एकुलती एक भारतीय म्हणून सगळे तुझ्याकडे बघायला लागले. आणि मग तुझा प्रश्न: आपला काळ खरंच गोल असतो का, आणि असेल तर नव्या घराच्या पूजेत गुरुजी जे न संपणारं काहीतरी म्हणत होते त्यात वर्तुळ कुठे होतं?

प्रश्न अगदी बरोबर जागी आलाय. गुरुजी म्हणत होते तो संकल्प, आणि त्याच्या सुरुवातीचा देशकालाचा उच्चार. बाबांच्या तळहातावर पळीभर पाणी आणि अक्षता होत्या, ते पाणी ताम्हनात सोडायच्या आधी आपण नक्की कुठे आणि केव्हा बसलो आहोत ते सांगायचं असतं. सुरुवात होते ब्रह्मदेवापासून. त्याचं आयुष्य त्याच्या वर्षांनी शंभर, त्यातली पन्नास सरली, म्हणून ‘द्वितीये परार्धे’. त्याचा सध्याचा दिवस म्हणजे श्वेतवाराहकल्प, लांबी आपली ४३२ कोटी वर्षं. त्या दिवसात चौदा मन्वंतरं, चालू आहे सातवं, वैवस्वत. एका मन्वंतरात चार युगांच्या एकाहत्तर चौकड्या, चालू आहे अठ्ठाविसावी. तिच्यातलं कलियुग, त्याचा पहिला चरण. इथून गाडी एकदम खाली उतरते: शालिवाहन शक, विश्वावसु नाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, श्रावण, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. सूर्य कुठल्या राशीत, गुरू कुठल्या राशीत. मग कुठे यजमानाचं गोत्र आणि नाव. पाकिटावर पत्ता लिहितो तसंच हे, फक्त उलट्या बाजूने: आधी विश्व, शेवटी दार.

(‘वर्षा ऋतौ’ म्हणताना बाहेर आपलं गवत वाळून पिवळं पडलं होतं, हे मलाही दिसत होतं. आणि देशावर ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात तिथे आपल्या गुरुजींनी थेम्सचं नाव घातलं, ते ऐकून तू हसलीस. पण दक्षिण तीर मात्र त्यांनी बरोबर सांगितला. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाने नकाशा बघितलेला असतो.)

आता यातली वर्तुळं मोज. वार सात दिवसांनी परत येतो, तिथी पंधरवड्याने त्याच नावाने भेटते, महिना वर्षाने. संवत्सरांची नावं साठ; गुरूच्या साधारण बारा वर्षांच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या तीस वर्षांच्या दोन, अशी ती साठी जुळते. याआधीचं विश्वावसु १९६५ साली लागलं होतं, यानंतरचं २०८५ साली लागेल. म्हणजे चाकंच चाकं आहेत, सरांचं काही चुकलं नाही. पण ही सगळी चाकं गुरुजी एका दमात का म्हणतात? एक चाक सांगून दिवस सापडत नाही म्हणून. सगळी एकदम सांगितली की उरतो तो एकच दिवस, जो पूर्वी झाला नाही आणि पुढे होणार नाही. चाकांचा उपयोग इथे परत येण्यासाठी नसून नेम धरण्यासाठी आहे.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आर्यभटाचं. आपलं वय सांगताना तो म्हणतो की युगाचे तीन पाद गेले, चौथ्यातली साठ वर्षांची साठ आवर्तनं गेली, तेव्हा माझ्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती. साठ गुणिले साठ, म्हणजे कलियुगाची ३६०० वर्षं. आपल्या हिशेबाने इसवी सन ४९९. एवढी अजस्र यंत्रणा फिरवली ती कशासाठी, तर एका तेवीस वर्षांच्या मुलाचा जन्म कुठे पडतो ते सांगण्यासाठी. वर्तुळाच्या पोटात रेघ आहे ती अशी.

आता पश्चिमेकडे ये. ‘सगळं पुन्हा जसंच्या तसं घडणार’ हा विचार तुला ग्रीकांकडे जेवढा ठळक मिळेल, तेवढा आपल्याकडे नाही. स्टोइक पंथाचे लोक म्हणत, विश्व अग्नीत जळून जातं आणि पुन्हा उभं राहतं. आणि त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं असं की पुन्हा तोच सॉक्रेटिस होईल, त्यावर पुन्हा तोच खटला चालेल. या कल्पनेवर पाचव्या शतकात तुटून पडला तो ऑगस्टीन. ख्रिस्त आमच्या पापांसाठी एकदाच मेला, पुनःपुन्हा नाही, हा त्याचा मुद्दा. मुक्ती मिळालेल्या जिवाला पुन्हा त्याच दुःखात ढकलणार असाल तर ती मुक्ती कसली, असं तो विचारतो. तुझ्या सरांची रेघ मुख्यतः इथून निघते. आणि हा ऑगस्टीन हिप्पोचा बिशप, म्हणजे आजच्या अल्जीरियाचा. ‘पश्चिम’ या शब्दात केवढा मुलूख कोंबलाय ते बघ.

याच्याशेजारी आपली पुराणं ठेव. मन्वंतर बदललं की मनू बदलतो, सप्तर्षी बदलतात, देव बदलतात, इंद्रसुद्धा बदलतो. इंद्र ही एक खुर्ची आहे. सध्या तिच्यावर पुरंदर बसलाय. पुढचं, आठवं, सावर्णि मन्वंतर लागेल तेव्हा तिच्यावर कोण बसणार ते विष्णुपुराणात सांगून ठेवलंय: विरोचनाचा मुलगा बळी.

हो, तोच, ज्याला वामनाने पाताळात घातलं. आज त्याचाच दिवस आहे. तिकडे गावी अजून दिवाळीत दिवे ओवाळताना बायका म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो तेही याच्यावरूनच. मी लहानपणी हे वाक्य कोकणात आजीच्या तोंडून ऐकायची आणि मला वाटायचं की गेलेल्या राजाची ही नुसती आठवण आहे. पण वाक्य ‘गेलं’ असं म्हणत नाही, ‘येवो’ म्हणतं. हरलेला माणूस पुढच्या फेरीत राजा होणार आहे, त्याची तारीख पंचांगाच्या हिशेबात बसवलेली आहे, आणि घरोघर त्याची मागणी चालू आहे. स्टोइकांच्या वर्तुळात हे घडणं शक्यच नाही. तिथे बळी प्रत्येक वेळी हरेल. आपल्या वर्तुळात खुर्ची परत येते, माणूस नाही. यातून न्याय मिळायची सोय होते, आणि मला वाटतं मराठी शेतकऱ्याने पुराणातून नेमका तेवढाच भाग उचलला. बाकी ब्रह्मदेवाच्या वयाशी त्याला काय घेणंदेणं?

(हिशेब केलाच तर बळीची पाळी यायला अजून साडेअठरा कोटींहून जास्त वर्षं आहेत. एवढ्या लांबच्या मुदतीची योजना सरकारनेही कधी जाहीर केली नसेल.)

तू एडिनबरोला आहेस म्हणून अजून एक सांगते, कारण याची जागा तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आयर्लंडमधल्या आर्मा इथला आर्चबिशप जेम्स अशर याने बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ साली ठरवला होता. ही खरी सरळ रेघ, आणि आखूडही. ती मोडली तुमच्याच गावच्या भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने. सॉल्झबरी क्रॅग्ज या कड्यांच्या पायथ्याशी त्याच्या नावाने ओळखला जाणारा कातळ आहे, तो बघून ये. हटनचं म्हणणं असं: डोंगर झिजतात, गाळ समुद्रात बसतो, त्याचा खडक होतो, तो वर उचलला जातो, पुन्हा झिजतो. १७८८ मध्ये हटन दोन मित्रांना होडीतून समुद्रकाठच्या सिकर पॉइंटला घेऊन गेला. तिथे उभ्या झालेल्या जुन्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे थर आडवे पहुडलेत. दोन्हींच्या मधे काही कोटी वर्षं गहाळ आहेत. त्या मित्रांतल्या प्लेफेअरने पुढे लिहून ठेवलं की काळाच्या त्या दरीत एवढं खोल बघताना मन गरगरलं. आणि हटनचा निष्कर्ष असा की आरंभाची खूण सापडत नाही, अंताची चाहूल दिसत नाही. आधुनिक भूशास्त्राचा पाया असा चाकावर घातला गेला, तोही स्कॉटलंडात.

इथे एक सावधगिरी. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणून ‘आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं’ असा मेसेज तुला काकांच्या ग्रुपवर दिवाळीभरात एकदा तरी येईल. निबंधात तो घालू नकोस. कल्प हा पूर्ण दिवस आहे. चालू दिवसातली सरलेली वर्षं मोजलीस तर ती सुमारे १९७ कोटीच भरतात, आणि ती पृथ्वीच्या वयाशी जुळत नाहीत. जुन्या ज्योतिषांना सगळ्या ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसवणारा मोठा कालखंड हवा होता, त्यासाठी हे आकडे सोयीचे होते. हीदेखील काही कमी हुशारी नाही, पण ती वेगळी हुशारी आहे.

काळ म्हणजे मुळात काय, याबद्दल तर आपल्याकडे एकमत कधीच नव्हतं. वैशेषिक दर्शनाचे लोक म्हणत, काळ हे एक द्रव्य आहे, एकच, सर्वत्र असलेलं. ‘आधी, नंतर, एकदम, उशिरा, लवकर’ हे आपण म्हणू शकतो यावरून त्याचा पत्ता लागतो. यात ना चाक आहे ना रेघ. १६८७ मध्ये न्यूटनने मांडलेल्या निरपेक्ष काळाच्या हे बरंच जवळ जातं. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने उलट बाजू घेतली: भूत, वर्तमान, भविष्य एकमेकांच्या आधाराशिवाय उभेच राहत नाहीत, मग काळ म्हणून स्वतंत्र काय उरलं? सांख्य दर्शनवाल्यांनी तर आपल्या तत्त्वांच्या यादीत काळाला वेगळी जागाच दिली नाही. या तिघांना एका ‘पूर्वे’त बसवून त्यांच्याभोवती वर्तुळ काढायचं म्हणजे मोठाच खडू लागेल.

आता तुझा शेवटचा टोमणा, की आपण लोक नेहमी उशिरा येतो ते काळ गोल मानल्यामुळे का. नाही गं. ज्या लग्नात पाहुणे तासभर उशिरा येतात त्याच लग्नात मुहूर्त मिनिटाला पाळतात. पूर्वी घटिकापात्र असायचं: तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. मुहूर्त व्हायला वेळ असेल तर मंगलाष्टकं वाढवत न्यायची, पण अंतरपाट आधी दूर करायचा नाही. उलट इंग्लंडातल्या गावांना एक वेळ पाळायला लावली ती रेल्वेने. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये लंडनची वेळ सगळ्या स्टेशनांवर लावली तेव्हा आपल्या रेडिंगची सूर्यावरची वेळ लंडनच्या चार मिनिटं मागे होती, ब्रिस्टलची दहा. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला म्हणूनच अजून दोन मिनिटकाटे आहेत. मुंबई तर त्याहून हट्टी: १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ आली तरी शहराने आपली ३९ मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. तुझ्या पणजोबांच्या काळी मुंबईत भेटायचं ठरवलं की कुठली वेळ ते विचारून घ्यावं लागे.

तेव्हा सरांना वर्तुळ पुसायला सांगू नकोस. ते बिचारे पन्नास मिनिटांत दोन संस्कृती उरकतात, त्यांना फळ्यावर काहीतरी काढावंच लागणार. फक्त स्टोइकांना कुठल्या बाजूला ठेवायचं एवढं विचार, आणि बळीला निबंधात एक परिच्छेद दे. इथे शेजारच्या पटेलांकडे आज विक्रम संवत २०८२ लागला, त्यांनी मिठाई आणून दिली. आपला शके १९४७ पाडव्यापर्यंत तसाच चालू आहे. बाबा म्हणाले, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन नवी वर्षं, म्हणजे मिठाई दोनदा.

तुझी,
आई

ता. क. येत्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलेल, पण तुझ्या भिंतीवरचं ते मोठं घड्याळ हाताने लावावं लागेल. गेल्या मार्चमध्ये इथे घरी असताना तू त्याचं काय केलं होतंस ते सांगत बसत नाही.