परिचर्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका नर्सिंग शाळेत जीएनएमच्या (परिचारिका अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. थेंबांचे सूत्र आणि मात्रांची कोष्टके मला तोंडपाठ आहेत. पण वॉर्डात ट्रॉलीसमोर उभी राहिले की मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि युनिट यांचा गोंधळ उडतो आणि हात थांबतो. काय करावे?

उत्तर : हात थांबतो आहे तोवर काळजी नाही, तो खुशाल थांबू द्यावा. माझा एकदा थांबला नव्हता. शिकाऊ असताना रात्रपाळीत एका रुग्णाला ५०० मिलि सलाईन ८ तासांत द्यायचे होते. ५०० मिलि गुणिले २० (१ मिलिचे थेंब), भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब, हे गणित बिनचूक होते. घड्याळ समोर धरून मी थेंब मोजले, नळीवरचा वेग ठरवणारा रोलर बसवला आणि पुढच्या खाटेकडे वळले. सकाळी ६ वाजता पाहते तो बाटली दोन तृतीयांश भरलेलीच. लावलेला सेट (बाटलीची नळी) मायक्रोचा, म्हणजे बारीक थेंबांचा होता. त्याच्या चेंबरमध्ये थेंब पाडणारी बारीक सुई डोळ्यांसमोर होती, पण मी थेंबच मोजत राहिले. त्या सेटमध्ये १ मिलिचे ६० थेंब होतात, त्यामुळे तासाला ६३ मिलि जाण्याऐवजी २१ मिलिच गेले. तेव्हापासून सूत्र मांडण्याआधी मी सेटचे वेष्टन वाचते. १ मिलिला किती थेंब हे त्यावर छापलेले असते आणि मोठ्या थेंबांच्या सेटवर ते २० असेलच असे नाही, १५ देखील असते. बाटलीला उभी चिकटपट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा करण्याची जुनी रीतही सोडू नये, कारण रुग्णाने कूस बदलली किंवा हात वाकवला की थेंबांचा वेग बदलतो.

मात्रांच्या बाबतीत माझे सांगणे एवढेच, की एकक लिहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही आणि उत्तर आले की त्याच्याकडे शहाण्या माणसासारखे पाहायचे. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी दाखवून दिला आणि कोकणातल्या कितीतरी मुलांचे प्राण त्यामुळे वाचले. ही मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम असते. मूल १६ किलोचे असेल तर ४८० मायक्रोग्रॅम होतात, आणि १००० मायक्रोग्रॅमचा १ मिलिग्रॅम असल्याने ते ०.४८ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमची साधारण अर्धी गोळी. दशांशचिन्ह एक घर सरकले तर हातात जवळजवळ ५ गोळ्या येतील. एका लहान मुलाला एका वेळी ५ गोळ्या, हे पाहूनच मनात शंका यायला हवी. (गोळी दिल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून मुलाला आडवेच ठेवावे, उचलून उभे करू नये, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते.)

दुसरा घोटाळा खास आपला आहे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण येऊ लागले की क्रिस्टलाइन पेनिसिलीनच्या व्हायल (छोट्या बाटल्या) निघतात. पुस्तकात मात्रा मिलियनमध्ये असते, व्हायलवर आणि आपल्या तोंडी लाख असतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, म्हणून १.५ मिलियन युनिट म्हणजे १५ लाख, दीड लाख नव्हे. १० लाखांची व्हायल विरघळवून एकूण ५ मिलि झाले असेल तर १ मिलित २ लाख युनिट येतात आणि १५ लाखांसाठी दुसरी व्हायल फोडून ७.५ मिलि घ्यावे लागते. इन्सुलिनमध्ये तर युनिटसोबत सिरिंजही जुळावी लागते. १ मिलित १०० युनिट असलेले इन्सुलिन १ मिलिला ४० युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर आत २० नव्हे, ५० युनिट गेलेले असतात. अशा औषधाचे गणित दुसऱ्या सिस्टरला आपले उत्तर न सांगता स्वतंत्रपणे करायला द्यावे. उत्तर आधी सांगितले की माणूस मान डोलावतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या गळ्याला छिद्र करून ट्यूब बसवली आहे. रुग्णालयातून घरी सोडताना सक्शन (नळीने कफ ओढून काढणे) करायला शिकवले, तरी मनात धाकधूक असते. किती वेळा करावे, नळी किती आत घालावी? आमच्याकडे गुहागर तालुक्यात पावसाळ्यात लाईट वारंवार जाते, तेव्हा काय करावे?

उत्तर : वेळापत्रक लावून सक्शन करू नये. श्वासाबरोबर घरघर ऐकू येणे, खोकूनही कफ वर न येणे, अस्वस्थपणा, बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा उतरणे, यांपैकी काही दिसले तर करावे. गरजेविना नळी घातली की श्वासनलिकेचे नाजूक अस्तर खरचटते आणि त्यामुळे कफ वाढतो. नळीचा बाहेरचा व्यास ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नसावा. नळीचा क्रमांक फ्रेंच मापात असतो आणि त्याला ३ ने भागले की मिलिमीटर मिळतात. म्हणून ८ मिलिमीटरच्या ट्यूबला १२ नंबरपेक्षा जाड नळी चालत नाही. यंत्राचा दाब ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान ठेवावा.

हात धुऊन, हातमोजा घालून, नळी ट्यूबच्या लांबीइतकी किंवा अगदी किंचित पुढे घालावी. रुग्णालयाने दाखवलेल्या लांबीची खूण नळीवर करून ठेवावी. आत जाताना ओढ बंद असावी, बाहेर येतानाच नळीवरचे छिद्र अंगठ्याने दाबून ती हलकेच फिरवत काढावी. हे सगळे १० सेकंदांत संपले पाहिजे, कारण कफाबरोबर आतली हवाही ओढली जाते. नळी घालताना आपलाही श्वास रोखून धरा, आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यांनाही वाटत असतो. दुसऱ्यांदा घालण्याआधी त्यांना निवांत काही श्वास घेऊ द्यावेत आणि ऑक्सिजन चालू असेल तर तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी वाढवावा. आधी गळ्यातले, मग तोंडातले; तोंडात गेलेली नळी परत ट्यूबमध्ये घालू नये. रंग निळसर पडला, नाडी एकदम मंदावली किंवा ताजे रक्त आले तर लगेच थांबावे.

लाईटची तुमची चिंता रास्त आहे आणि तिची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. पायाने चालवायचे सक्शन यंत्र मिळते. ते पलंगाखाली ठेवावे आणि आठवड्यातून एकदा उजेडात चालवून पाहावे, म्हणजे पायाला सवय राहते. त्याच जागी त्याच मापाची एक आणि एक नंबर लहान अशा दोन जादा ट्यूब, विजेरी आणि अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) असावी. नळी आत जातच नसेल तर ट्यूबच्या आत बसणारी सुटी ट्यूब काढून धुवावी, तरीही मार्ग मोकळा झाला नाही तर १०८ ला फोन करावा. रस्ता दूरचा असेल तर वाट पाहण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : देवगडहून लिहिते आहे. आईला अशक्तपणासाठी सलाईन लावले तेव्हा हात टम्म फुगला. सिस्टर म्हणाल्या, आऊट झाले. हे काय असते? आणि सलाईनने शक्ती खरोखर येते का?

उत्तर : आऊट होणे म्हणजे कॅन्युलाचे (शिरेत बसवलेल्या बारीक नळीचे) टोक शिरेतून निसटून पाणी मांसात जाणे. जागा फुगते, गार आणि फिकट दिसते. तेव्हा बाटली बंद करून कॅन्युला काढतात आणि हात उशीवर उंच ठेवून दुसऱ्या हाताला शीर पाहतात. जागा लाल, गरम आणि शिरेच्या रेषेत दुखरी असेल तर ती शिरेची सूज असते. तेव्हाही कॅन्युला काढावीच लागते. जळजळणारे औषध चालू असताना हात फुगला तर मात्र कॅन्युला काढण्याआधीच डॉक्टरांना बोलवावे.

शक्तीचे म्हणाल तर ५०० मिलि ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ५ चहाचे चमचे, आणि तेवढ्याच नॉर्मल सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ. उलट्या, जुलाब, रक्तस्राव किंवा तोंडाने काहीच घेता येत नसेल तेव्हा हेच पाणी जीव वाचवते. आई गिळू शकत असतील तर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज त्यांना अधिक देईल, आणि अशक्तपणाचे कारण शोधण्यासाठी हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी.