तलावाच्या पाळीवरून सुरुवात करावी
तिसरी-चौथीच्या मुलांना ‘व्यवस्था’, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या गोष्टींची साखळी, कशी शिकवावी, असे तुम्ही विचारले आहे. फळ्यावर व्याख्या लिहून देण्यापेक्षा, तुमची शाळा भंडारा-गोंदियाकडे असल्याने, वर्ग सरळ गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, न्यावा. पावसाळ्यात सांडव्याच्या बाजूला मात्र नाही. पाणी कुठून येते, खालच्या धानाच्या बांध्यांत कसे उतरते, ढिवर जाळी कुठे टाकतात, हे सारे मुलांनी पाहिलेलेच असते. ‘गाळ साचत गेला तर आधी कोणाचे अडेल?’ एवढे विचारून थांबावे, उत्तराची घाई करू नये, कारण कोणी धान म्हणेल, कोणी मासोळी, आणि त्या वादातूनच साखळी उलगडत जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, संपून हे तलाव सरकारकडे आले, म्हणून गाळ आता कोणी काढायचा, हे विचारायला मुलांना ग्रामपंचायतीत न्यावे. तक्ते नंतर करता येतील.