आधी पाय, मग हात

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन इंजिनांच्या विमानाच्या सरावात इन्स्ट्रक्टरनी उजवं इंजिन बंद पडल्याचं भासवलं आणि तुझा हात डाव्या थ्रॉटलकडे, म्हणजे चालू इंजिनाच्या पॉवरच्या लिव्हरकडे गेला, हे तुला फार लागलेलं दिसतं. लागायलाच हवं, पण खचून जायचं कारण नाही. 2015 मध्ये तैपेईत ट्रान्सएशियाचं एटीआर 72 हे दोन इंजिनांचं प्रवासी विमान टेकऑफनंतर लगेच कोसळलं. बिघाड उजव्या बाजूला होता, मागे ओढला गेला डावा थ्रॉटल. 43 माणसं गेली, आणि ते वैमानिक शिकाऊ नव्हते.

माझे इन्स्ट्रक्टर थ्रॉटलवर चेकलिस्टचं कार्ड आडवं धरायचे, कोणता लिव्हर मागे गेला ते दिसू नये म्हणून. कळायचं ते फक्त पायाला. नाक बंद इंजिनाकडे ओढलं जातं. ते सरळ धरायला जो पाय रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) दाबतो तो चालू बाजूचा, मोकळा पडलेला पाय बंद इंजिनाचा. हे मोठ्याने बोल. मग त्या बंद बाजूचा थ्रॉटल सावकाश मागे घे. आवाज तोच, नाक तिथेच, पायावरचा जोर तेवढाच राहिला, तर बाजू बरोबर. काहीही बदललं तर तत्काळ पुढे ढकल. फेदर, म्हणजे बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेत वळवणं, त्यानंतर; आणि सरावात तर बहुतेक वेळा झिरो थ्रस्टच लावतात, म्हणजे पंखा ना ढकलेल ना अडवेल इतकीच पॉवर.

या सगळ्यात नजर वेगावर हवी. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता 80 टक्के किंवा त्याहून जास्त जाते. म्हणून ब्लू लाइन, म्हणजे वेगमापकावरची एका इंजिनावर सर्वात चांगलं चढण्याच्या वेगाची निळी खूण, सोडायची नाही. वेग त्याच मापकावरच्या लाल रेषेखाली गेला की रडर अपुरा पडतो आणि चालू इंजिनच विमान उलथवतं. तेव्हा उपाय एकच: नाक खाली आणि चालू इंजिनाची पॉवर कमी. जमीन जवळ असताना हात हे करायला धजावत नाही, म्हणून हा सराव पुरेशा उंचीवर आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच.

धावपट्टीवर असतानाच इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल बंद आणि ब्रेक. हे प्रत्येक टेकऑफआधी तोंडाने म्हणायचं, रोजचं झालं तरी.

पुढच्या उड्डाणाआधी खुर्चीत डोळे मिटून बस. कुणाला तरी मध्येच 'डावं' किंवा 'उजवं' म्हणायला सांग. तुझा पाय आधी हलतो की हात, ते मला कळव.

तुझा,
काका