पान कुणाच्या सत्तेनं हलतं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सप्त्यातलं कीर्तन ऐकून तू अडलास, हे बरं झालं. ‘त्याच्या सत्तेवाचून झाडाचं पान हलत नाही, मग पाप तेवढं माझ्या नावावर का?’ असं विचारलंस म्हणून कुणी नास्तिक म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो की काय, ही शंका वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनीच घेतली आहे. दुसरा अध्याय, पहिला पाद, सूत्र ३४.

त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी दिलेलं उत्तर आपल्या भातवाल्यांना चटकन कळेल. पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच पडतो, काय उगवायचं ते बियाणं ठरवतं. पाऊस म्हणजे ईश्वर, बी म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. आता तू विचारणारच, पहिलं बी कुणी दिलं? पुढचं सूत्र सांगतं, संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच. मला तरी वाटतं, इथं शास्त्र हात टेकतं. द्वैतमताच्या मध्वाचार्यांनी जिवाचं कर्तृत्व खरं पण ईश्वराधीन मानलं, आणि जिवांच्या योग्यतेतच मुळात भेद धरला. एक गाठ सुटली, दुसरी घट्ट बसली.

गीतेचा अठरावा अध्याय काढ. ६१व्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर चढवल्यासारखा फिरवतो. ६३व्यात तोच अर्जुनाला सांगतो, सगळा विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, आणि मध्ये सांधा घातलेला नाही. टीकाकारांनी नंतर पुष्कळ घातले. तू घाई करू नकोस.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त सलली. आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बसलं, भात कुजलं, आणि पारावर कुणी तरी त्या शेतकऱ्याला म्हणालं, ‘देवाची मर्जी, पूर्वकर्म!’ अरे, पाऊस देवाचा म्हणू. नाल्यातला गाळ, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणं कुणाची? देवाच्या नावावर खपवलं की गाळ न काढणारे सगळे सुटले. ‘त्याची इच्छा’ हे ज्याचं पीक गेलं त्यानं, झोप येत नसेल तेव्हा, स्वतःशी म्हणावं; त्याला त्यानं बळ येतं. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून ते म्हणायचा अधिकार तुला नाही, मला नाही, कीर्तनकारालाही नाही. पूर्वकर्माचं तर तोंडातून काढूच नये. कुणाच्या मागच्या जन्माची वही आपण पाहिली आहे?

शंकराचार्यांच्या भाष्याची माझी प्रत रविवारी घेऊन जा. त्याआधी भात कुजलेल्या त्या शेतकरी काकांकडे जाऊन ये. भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो आणि तुझं कन्नड माझ्यापेक्षा बरं आहे. पाणी किती दिवस बसलं ते स्पष्ट लिही, आणि उतारा न् बँक पासबुकाची झेरॉक्स जोडायला विसरू नको.

तुझा,
गुरुजी